एफ-१ व्हिसावर अमेरिकेतल्या एमडीला अर्ज: आधी कॉलेजं गाळा, मग गुण बघा

‘जीपीए ३.८, एमकॅट ५१५. एमडीला प्रवेश मिळेल का?’ (अमेरिकेत एमडी ही डॉक्टर होण्याची मूळ पदवी, आपल्या एमबीबीएससारखी. जीपीए म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा.) अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला एवढ्यावरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. एफ-१वाल्याला, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला, येत नाही, कारण बहुतेक कॉलेजं त्याचा अर्ज विचारातच घेत नाहीत. एएएमसीचा (अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा) जीपीए-एमकॅटचा तक्ताही सगळ्या अर्जदारांचा मिळून असतो, त्यावर विसंबू नका.

त्याऐवजी एएएमसीच्याच ‘एमसार’ या कॉलेजांची माहिती देणाऱ्या ऑनलाइन सूचीची वर्गणी भरा. तिथे प्रत्येक कॉलेजपुढे परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे दिलेले असतात: अर्ज किती आले, मुलाखतीला किती जणांना बोलावलं, प्रत्यक्ष दाखल किती झाले. ‘परदेशी अर्ज स्वीकारतो’ एवढं वाचून हुरळून जाऊ नका, शेवटचा आकडा बघा. तो शून्य किंवा एक असेल तर त्या कॉलेजवर पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी फक्त कॅनडाचे नागरिक चालतात. तेही कॉलेजच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

सरकारी कॉलेजं आपल्या राज्यातल्यांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर ९० टक्के जागा रहिवाशांच्या. गाळून उरतात ती मुख्यतः संशोधनात नावाजलेली खासगी कॉलेजं, आणि खरी मेख इथेच आहे. देशभरात दाखल होणाऱ्यांची एमकॅटची सरासरी ५११-५१२च्या आसपास असते, पण या कॉलेजांपैकी अनेकांचा मध्यांक ५२०च्या घरात. म्हणजे सरासरीहून चांगले असलेले ५१५ गुण तुमच्या यादीत कमी पडतात.

अमेरिकेतच शाळा शिकलेल्या मराठी मुलांनाही हे लागू आहे. आईवडिलांची ग्रीन कार्डची रांग सरली नाही, तर २१व्या वर्षी एच-४ (आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा) संपतो, एफ-१ घ्यावा लागतो आणि ज्या राज्यात वाढलो तिथल्याच कॉलेजात अर्ज परदेशी ठरू शकतो.

भारतातली बीएस्सी असेल तर अडचण वेगळी. अॅमकॅस ही एमडीचे अर्ज एकत्र घेणारी सेवा परदेशी गुणपत्रिका पडताळत नाही, त्यामुळे जीपीए निघतच नाही. बहुतेक कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात किमान वर्ष-दोन वर्षांचा अभ्यास मागतात. एमबीबीएस झालेल्यांनी इकडे वळूच नये. त्यांची वाट यूएसएमएलई (डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) आणि रेसिडेन्सी मॅचची (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागांच्या वाटपाची).

पैशाचा प्रश्न प्रवेश मिळाल्यावर बघू, असं म्हणू नका. सरकारी कर्ज एफ-१वर मिळत नाही, खासगी कर्जाला सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन लागतो. काही कॉलेजं एक ते चार वर्षांचा खर्च आधीच एस्क्रो खात्यात (फीसाठी राखून ठेवलेल्या, त्रयस्थाकडच्या खात्यात) भरायला लावतात. वर्षाला ९० हजार डॉलर धरले तरी चार वर्षांचे ३ लाख ६० हजार होतात. अर्ज करण्याआधी प्रत्येक कॉलेजला ईमेलने विचारा: एस्क्रो किती, परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत आहे का? मदत देणारी कॉलेजं थोडी आहेत, ती यादीत वर घ्या.

अर्ज मेअखेर-जूनमध्ये जातो, वर्ग भरतात पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. पदवीनंतर अर्ज करणार असाल तर मधलं वर्ष ओपीटीवर (एफ-१वाल्यांना पदवीनंतर काम करायला मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर) काढावं लागेल, आणि त्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर स्टेटस धोक्यात येतं. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. लॅबमधल्या कामाचं प्रोफेसरांशी बोलणं त्याआधीच उरकून घ्या.