रताळ्यातला सोंड्या भुंगा: फळा सोडून वरंब्यावर गेलो तेव्हा जमलं

शेतकऱ्यांना रताळ्याचं पीक शिकवताना पहिल्या हंगामात मी फळ्यावरच अडकलो. किडीचं नाव, औषध, प्रमाण. सगळ्यांनी लिहून घेतलं, आणि काढणीला निम्मी रताळी सोंड्या भुंग्यानं, म्हणजे सोंडेसारखं तोंड असलेल्या किड्यानं, पोखरलेली निघाली. धान्य संपल्यावर ज्या पिकावर घर तगतं, ते असं हातात येणं फार लागलं. थोडं पोखरलं तरी रताळं कडू होतं, उरलेलंही खाववत नाही.

पुढच्या हंगामात वर्ग शेतातच भरवला. रताळी फुगली की वरंबा तडकतो. एका काकूंनी अशाच भेगेत काडी घातली, ती थेट रताळ्याला टेकली. भुंग्याला माती उकरून खोल जाता येत नाही, तो याच वाटेनं उतरतो. हे डोळ्यांनी दिसल्यावर औषधाचं नावही कुणी काढलं नाही, सगळे वरंब्याला मातीची भर लावायला लागले!

भेग दिसली की माती ओढायची आणि जमीन तडकू नये इतपत ओल ठेवायची, हा मुख्य उपाय. बेणं, म्हणजे लावायचे वेलाचे तुकडे, मात्र शेंड्याकडचेच घेतले, २५-३० सेंमीचे. वेलाच्या बुडाकडे भुंग्याची अंडी जास्त असतात. तयार पीक जमिनीत ठेवलं नाही, उरलेले वेल आणि मुळं वेचून काढली, आणि त्या जागी लगेच रताळं लावलं नाही.

यंदा पोखरलेली रताळी एका टोपलीत मावली. साठवणीचं अजून शिकतोय: ओरखडलेलं रताळं लवकर सडतं, म्हणून आधी ४ ते ७ दिवस उबदार, दमट जागी ठेवून साल घट्ट होऊ देतो.