होडीच्या बाकांवरचा जुना गोंद काढून नवा फोम बसवताना

पावसाळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या होड्या मुंबईच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा उघडल्या जातात. आमची फायबरची एंटरप्राइज आहे, म्हणजे शिडाची छोटी होडी, जेमतेम 4 मीटर लांबीची. वारा मंद असला की तिच्या बाजूच्या बाकांवर बसूनच सगळा खेळ चालतो. बाकांवरचा फोम कडेने सुटला की त्याखाली खारं पाणी आणि वाळू शिरते. तो फोम बदलण्याची माझी पद्धत इथे सांगते. यातला बहुतेक वेळ जुना गोंद काढण्यात जातो आणि तिथे घाई केली तर नवा फोम टिकत नाही.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवून होडी पूर्ण वाळू द्या. मग हीट गन मंद ठेवून फोमचा एक कोपरा गरम करा. गन सतत फिरती हवी. फायबरला हात लावून ठेवता आला पाहिजे, चटका बसला म्हणजे जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, ते जास्त झालं. कोपरा सैल झाला की फोम वर न उचलता मागे दुमडून, बाकाला समांतर, सावकाश ओढा. वर उचलला की तो मधेच फाटतो आणि अर्धा थर खाली चिकटून राहतो. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टीच घ्या. लोखंडी पातं एकदा घसरलं की जेलकोटवर कायमची रेघ उमटते.

फोम निघाल्यावर उरतो तो पिवळट, चिकट थर. त्यावर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली सुती चिंधी पसरा, वर प्लॅस्टिकचा कागद घाला आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. गोंद फुगतो, धूसर दिसू लागतो आणि बोटाने रेटला की वळून शेवयांसारखा निघतो. तो तसा वळेपर्यंत थांबायचं. आधीच घासायला गेलात तर गोंद पसरतो आणि काम दुप्पट होतं. मात्र होडीवर रंग दिलेला असेल तर कुठलाही द्राव आधी एखाद्या आडबाजूला लावून बघा.

एसीटोन मी फक्त हट्टी ठिपक्यांसाठी वापरते, तेही चिंधीला जरासं लावून. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि ठिणगीनेही पेटते. त्यामुळे टर्पेंटाइन किंवा एसीटोनचा डबा उघडण्यापूर्वी हीट गनचा प्लग काढून ठेवायचा, आणि काम उघड्यावरच करायचं. नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेल्या चिंध्यांचा ढीग करू नका, त्या मोकळ्या पसरून वाळवा.

टर्पेंटाइनचा तेलकट अंश मागे राहतो. तो साबणाच्या पाण्याने काढा आणि मग बाकावर थोडं पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर बाक स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन राहिले तर अजून तेल किंवा मेण आहे, पुन्हा धुवा. वाळल्यावर शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा.

नवा फोम ईव्हीएचा (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा), 5-6 मिलिमीटर जाडीचा, मागे गोंद आणि त्यावर सोलायचा कागद असलेला घ्या. आतल्या छिद्रांत पाणी न मुरणारा हवा. रंग फिका निवडा, काळ्या फोमवर एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. जुन्या तुकड्यावरून माप घेऊ नका, तो ओढताना ताणलेला असतो. बाकावर ब्राऊन पेपर अंथरा, मधे दोन-तीन छोटी त्रिकोणी भोकं पाडून त्यांवर मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे कागद हलत नाही. मग कडा गिरवा. डावा-उजवा लिहा आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेला बाण काढा. दोन्ही बाक एकमेकांचे आरसे असतात आणि फोम उलटा कापला तर फुकट जातो.

बाकाच्या कडेपासून बोटभर आत कापा. दोन तुकड्यांमध्ये पाणी निघून जायला फट ठेवा. होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाकीचं झाकण मोकळं राहू द्या, ते उघडून आत पाणी शिरलंय का हे बघावंच लागतं. प्रत्येक कोपरा रुपयाच्या नाण्याभोवती गोल करा. चौकोनी कोपऱ्यात शिडाची दोरी अडकते आणि फोम तिथूनच उचलायला लागतो.

चिकटवायला सकाळी दव वाळल्यानंतरची वेळ घ्या. तुकडा कोरडाच जागेवर ठेवून मधोमध टेपने पक्का करा. एका अर्ध्यावरचा कागद सोला, मधून कडेकडे दाबत जा, मग टेप काढून दुसरा अर्धा. शेवटी लाटण्याने किंवा रबरी रोलरने जोर देऊन दाबा, कडांवर जास्त. साध्या फोमला रबरी कॉन्टॅक्ट गोंद लावणार असाल तर बाक 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासा, पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडा. हा गोंद एकदा धरला की सरकवता येत नाही.

पूर्ण एक दिवस त्यावर बसू नका, पाणी लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी नखाने प्रत्येक कोपरा तपासा. उरलेले तुकडे सपाट, सावलीत ठेवा, हंगामाच्या मध्यात पायाखालचा एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलता येतो.