वॉलपेपर काढल्यावर लगेच रंग नको

वॉलपेपरचा वरचा प्लास्टिकचा थर आधी कोपऱ्यातून कोरडाच ओढून बघा. विनाइलचा असेल तर बहुतेक वेळा सोलून निघतो. मागे राहिलेल्या कागदावर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातलेलं कोमट पाणी स्पंजने लावा आणि 10-15 मिनिटं थांबा. नीट भिजला की पुट्टीचा पत्रा (खरवडायची पट्टी) भिंतीला जवळजवळ आडवा धरून सरकवला की कागद हलक्या हाताने निघतो. पाणी बेताचंच घ्या. पुट्टी जास्त भिजली तर कागदाबरोबर तिचेही पोपडे येतात. स्विचबोर्डच्या आसपास मेन स्विच बंद हवाच.

खरा त्रास देतो तो उरलेला गोंद. ओला हात भिंतीवरून फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो अजून आहे. पाणी बदलत पुन्हा पुसा, नाहीतर त्यावरचा नवा रंग तडकून सुटतो. मग भिंत पूर्ण वाळू द्या (पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं), खड्डे पुट्टीने भरा, पॉलिश पेपर मारा, धूळ पुसून प्राइमर द्या.

कागदामागे ओल किंवा काळी बुरशी दिसली तर मात्र रंगाचं थांबवा आणि आधी गळती शोधा.