एलसॅटचे जोडउतारे: या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट ही प्रवेशपरीक्षा देताना आकलनाच्या विभागात 35 मिनिटांत उतारा आणि त्यावरचे प्रश्न असे चार संच सोडवायचे असतात. त्यातल्या एका संचात एकाच विषयावरचे दोन छोटे उतारे येतात. जून 2007 पासून हा प्रकार आहे. दोन्ही मिळून लांबी एका नेहमीच्या उताऱ्याएवढीच भरते, तरी चांगले वाचणारेही इथे अडखळतात. दोन्ही उतारे त्यांना नीट समजलेले असतात. प्रश्न मात्र बहुतेक वेळा त्या दोघांच्या नात्यावर असतो, आणि तिकडे त्यांचं लक्षच गेलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडते ती समजूत म्हणजे दोन उतारे आहेत, तर वाद असणारच. मी रचलेलं एक उदाहरण घ्या. पहिल्या उताऱ्यात मानसशास्त्रज्ञ म्हणतो, साक्षीदार ठामपणे बोलतो म्हणून त्याला अचूक आठवतंय असं होत नाही. दुसऱ्यात वकील लिहितो, उलटतपासणीत खोटारडा सापडतो; प्रामाणिकपणे चुकणारा साक्षीदार निसटतो, म्हणून न्यायाधीशाने ज्युरीला तशी सूचना द्यावी. एक शास्त्र सांगतोय, दुसरा कोर्टातला उपाय. भांडण कुठे आहे? तरी ‘पहिला लेखक दुसऱ्याच्या मताला काय म्हणेल?’ असं विचारलं, की हात विरोधाच्या पर्यायाकडेच जातो. खरं तर पहिल्याचं निरीक्षण दुसऱ्याच्या मागणीला बळच देतं. पण म्हणून ‘न्यायाधीशाने सूचना द्यावी, हे पहिल्याला मान्य आहे’ असंही धरू नका. सूचनेबद्दल तो एक अक्षर बोललेला नाही.

हीच गोची ‘दोघांनाही मान्य होईल असं विधान कोणतं?’ या प्रश्नात होते. ‘उलटतपासणीने प्रत्येक चूक उघडी पडत नाही’ हा पर्याय वाचताना अगदी ओळखीचा वाटतो, कारण आत्ताच वाचलेला असतो. पण तो फक्त दुसऱ्या उताऱ्यातला. अशा वेळी पर्यायाला दोन उताऱ्यांतून दोन वेगळ्या ओळी दाखवता येतात का ते पाहा. एकच सापडली तर पर्याय बाद. माझ्या मते निम्मी पडझड एवढ्यानेच थांबते.

दुसरा उतारा संपला की लगेच प्रश्नांवर उडी मारू नका. दहा सेकंद थांबून नातं एका वाक्यात मनाशी बोला: ‘पहिला दोष दाखवतो, दुसरा त्यावर उपाय मागतो.’ कधीकधी प्रश्नात काल्पनिक शीर्षकांच्या जोड्या देऊन विचारतात, या दोन उताऱ्यांसारखं नातं कुठल्या जोडीत आहे? तिथे विषय बघून पर्याय निवडणारे हमखास फसतात. साक्षीदार-कोर्ट असलेली जोडी आमिष असू शकते आणि पुलांच्या भेगा व त्यांची दुरुस्ती ही जोडी बरोबर.

सूर ओळखतानाही जपा. लेखक शंका घेतोय म्हणजे तो चिडलाय असं नाही. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असले शब्द पर्यायात दिसले, की उताऱ्यात तेवढा जोर आहे का ते तपासा. विषय आधीपासून ठाऊक असेल तर अधिकच सावध राहा. स्वतःचं ज्ञान लेखकाच्या तोंडी कधी गेलं ते कळतही नाही.

आणि अडलंच तर प्रश्न कोरा सोडू नका, चुकीच्या उत्तराला इथे गुण कापत नाहीत.