घाटात वाघ, सपाटीवर शेळी

वडिलांची जुनी अँबॅसिडर, १४८९ सीसी पेट्रोल. चोर्ला घाट बिनतक्रार चढायची, पण बेळगाव-खानापूर रस्त्यावर हलक्या पायाने चालवली की अडखळायची, वर पेट्रोल ढोसायची. दोनदा कार्बोरेटर उघडला, फुकट! मग ट्यूब पेटली: घाटात थ्रॉटल पूर्ण दाबला की इंजिनातली हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, उरतच नाही. म्हणजे घोळ व्हॅक्यूम ॲडव्हान्सचाच, हलक्या पायावर त्या ओढीने ठिणगी जरा आधी पाडणाऱ्या युनिटचा. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, युनिटची नळी तोंडाने ओढली, टोकाला जीभ लावली. आतली प्लेट हलेना, जीभ धरेना. युनिटमधला पातळ पडदा, डायफ्रॅम, फाटलेला. दुसरं युनिट बसवलं, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच ठेवला. ठिणगीचं टायमिंग मात्र नळी काढून, तिचं तोंड बंद करूनच लावलं, नंतर जोडली. तोंडातली पेट्रोलची चव संध्याकाळपर्यंत गेली नाही. आईने चहासुद्धा लांबूनच सरकवला.