गल्लीत क्लायमेटचं काम सुरू करायचंय? आधी कचरा मोजा

पहिल्या वर्षी आम्हीपण तेच केलं जे सगळे करतात. ग्रुप काढला, नाव ठरवलं, लोगोवरून तीन दिवस भांडलो, टीशर्ट छापले आणि एका रविवारी पन्नासेक रोपं लावली. फोटो झकास आले. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन बघितलं तर सात जिवंत, आणि त्यातली दोन आपोआप उगवलेली असावीत असा मला अजून डाउट आहे. पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलंच नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा घालतोय.

त्यामुळे आता कुणी विचारलं की आमच्या एरियात काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू, तर मी एकच सांगतो, आधी आपल्या गल्लीतली एक गोष्ट मोजा, तोंड नंतर उघडा. "पृथ्वी वाचवा" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि घरी जातात, पण "आपल्या गल्लीतून रोज इतके किलो खरकटं गाडीत जातंय" म्हटलं की कुणीतरी थांबून विचारतंच, काय सांगतोस, एवढं?

माणसं चार-पाच पुरतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐंशी जण असतील तरी सकाळी सातला येणारे तेच चार असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त एकाने वही सांभाळायची, एकाने पैशाचा हिशोब (आणि पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात नकोत, कितीही जिगरी असला तरी), आणि अठराच्या आतली मुलं असतील तर घरच्यांना आधी सांगून परवानगी घ्यायची, फोटो टाकायचीसुद्धा.

आता मोजायचं कसं ते नीट सांगतो कारण इथेच गडबड होते. तीस-चाळीस घरं निवडा, प्रत्येक दारात जाऊन सांगा की सात दिवस तुमचा कचरा आम्ही घेणार, वजन करणार, कुणाच्या घरातून काय निघालं ते कुठेही लिहिणार नाही. हे शेवटचं वाक्य नक्की बोला. लोकांना कचऱ्याची लाज वाटते, आणि एकदा का "ती पोरं आपल्या पिशव्या उचकतात" अशी बोंब झाली की संपलं. सातच दिवस का, तर सुट्टीच्या दिवशीचा कचरा आणि मधल्या वाराचा कचरा यात खूप फरक असतो, दोनच दिवस मोजून आलेला आकडा कुणीही पाच मिनिटांत खोडून काढतो.

मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरा. जाड रबरी ग्लोव्हज, मास्क, बंद बूट, चिमटा, लटकवायचा वजनकाटा आणि चार बादल्या. रिकाम्या बादलीचं वजन आधी करून तिच्यावरच मार्करने लिहून ठेवा नाहीतर आमच्यासारखं होईल, पहिल्या दिवसाचे सगळे आकडे बादलीसकट निघाले. ओला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक आणि बाकीचं, एवढे चारच भाग पुरे, बारा भाग केले की दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. डायपर, पॅड, सुया, औषधं हाताळायची नाहीत, ती पिशवी बंदच ठेवून तशीच वजन करा. ढीग फार मोठा असेल तर सगळा निवडत बसू नका, नीट कालवा, गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेले परत कालवा, परत तेच. उरलेला छोटा ढीग निवडायचा. ही जुनीच पद्धत आहे, फक्त कालवण्यात आळस करायचा नाही.

हिशोब सोपा असतो. समजा ४० घरांतून ७ दिवसांत २१० किलो ओला कचरा निघाला, तर घरामागे दिवसाला पाऊण किलो. झालं, हाच तुमचा आकडा.

आता याचा क्लायमेटशी काय संबंध असं कुणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तोंडावर पाहिजे. ओला कचरा डेपोत ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि बिनहवेचा कुजला की मिथेन सुटतो. मिथेन हवेत साधारण दहा-बारा वर्षंच टिकतो पण तेवढ्यात दणका देऊन जातो, वीस वर्षांचा हिशोब धरला तर किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, शंभर वर्षांचा धरला तर २७ ते ३० पट. तीच सालं हवेशीर कुजली तर मिथेन जवळजवळ नाही आणि हातात खत. म्हणून मी रोपांच्या आधी कचरा म्हणतो.

खताचा ड्रम लावणार असाल तर एक सांगतो, वास आला की प्रोग्राम बंद. शेजारी पर्यावरण सहन करतात, वास नाही. एक बादली ओल्यावर दोन बादल्या सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा टाका, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नायट्रोजनमागे साधारण तीस भाग कार्बन लागतो आणि तो सुक्या पानांत असतो. मूठभर घेऊन दाबून बघायचं, पिळलेल्या स्पंजसारखं लागलं पाहिजे, पाणी टपकलं तर जास्त ओलं आहे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही, वरखाली करा आणि पानं टाका. अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास म्हणजे पानांच्या मानाने ओला कचरा जास्त झालाय, तरी पानंच टाका. थोडक्यात काहीही झालं तरी पानं टाका. ती आधी पोती भरून साठवून ठेवायची, पानगळ संपल्यावर शोधत फिरलो होतो आम्ही.

आकडे आले की पोस्टर लावायची घाई होते. थांबा जरा. २००७ साली कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापून आला, घरोघरी चिठ्ठी लावली की तुम्ही एवढी वीज वापरता आणि शेजाऱ्यांची सरासरी एवढी. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केली, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवली! आपण तर सरासरीच्या खाली आहोत, मग काय टेन्शन, असं झालं. ज्या चिठ्ठीवर कमी वापरणाऱ्यांसाठी नुसता एक हसरा चेहरा काढला होता तिथे ही वाढ झाली नाही. म्हणून नुसती सरासरी लावू नका, ज्यांचं चांगलं चाललंय त्यांना शाबासकी द्या. आणि "कुणीच कचरा वेगळा करत नाही" असलं तर चुकूनही लिहू नका, वाचणारा म्हणतो मग मीच कशाला. "४० पैकी २६ घरं वेगळा करतात" हे त्यापेक्षा दहा भाषणांचं काम करतं (अर्थात आकडा खरा असेल तरच, फुगवू नका, गल्लीत सगळं कळतं).

आणि भाषण द्यायचंच असेल तर वितळणारे हिमनग दाखवू नका. लहान पोरं घाबरतात आणि मोठे मोबाईल काढतात. ड्रमचं झाकण उघडून दाखवा, थंडीच्या सकाळी त्यातून वाफ निघते, पोरं हात लावून बघायला रांग लावतात.

कचऱ्याचा कंटाळा असेल तर ऊन मोजा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला एकाच दिवशी एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी हवेचं तापमान घ्यायचं, थर्मामीटर सावलीत आणि जमिनीपासून दीड मीटरवर, उन्हात धरला तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड वाला मिळाला तर डांबर आणि झाडाखालची माती यांचा फरक बघा, पण चकचकीत पत्र्यावर तो साफ खोटं बोलतो. असा नकाशा हातात असला की झाड कुठे हवंय ते आपोआप कळतं, बस स्टॉपवर, शाळेच्या गेटवर, जिथे माणूस उभा राहतो तिथे. आणि प्रत्येक रोपाला एका माणसाचं नाव आणि पाण्याचा वार. नाव नसेल तर रोप लावू नका. पन्नास नको, पाच लावा.

मग येते मागणी. घरातल्या घरात होणारं ते आपण करू, पण वेगळी गाडी, स्टॉपवर सावली, हे प्रशासनाशिवाय होत नाही. एक पान, एकच मागणी, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, मागे तुमचे आकडे. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. आम्ही पहिल्यांदा अकरा मागण्यांचं पत्र दिलं होतं, त्यांनी त्यातली सगळ्यात सोपी उचलली, एक बोर्ड लावला, आणि काम झालं म्हणून फाईल बंद.

एकाच मागणीत काय दम असतो याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पॅसिफिकमधलं आहे. २०१९ मध्ये वानुआतू या छोट्या बेटांच्या देशात शिकणाऱ्या २७ लॉ स्टुडंट्सनी ठरवलं की क्लायमेटबाबत देशांवर कायद्याने नक्की काय बंधन आहे हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. कोर्टात विद्यार्थी थेट जाऊ शकत नाहीत, मग ते आपल्या सरकारांच्या मागे लागले, वानुआतूने ते उचललं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये कोर्टाने मत दिलं की हो, क्लायमेटचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. सहा वर्षं, प्रश्न तोच. दार कुठलं उघडतं ते त्यांनी आधी शोधलं, मग ठोठावलं.

मधेच कुठलीतरी कंपनी येईल, टीशर्ट देतो, बॅनरवर आमचं नाव टाका. घ्या किंवा नका घेऊ, पण त्यांचा स्वतःचा कचरा मोजू देतील का ते आधी विचारा. आम्ही विचारलं होतं, परत फोन आला नाही.

ग्रुप बंद पडतो तो परीक्षेच्या दोन महिन्यांत, भांडणाने कमी. त्यामुळे वर्षाचं प्लॅनिंग करताना ते दोन महिने कोरेच सोडा, आणि ड्रम वरखाली करायला तेवढ्यापुरतं एखाद्या रिटायर्ड काकांना पकडा, ते आपल्यापेक्षा वेळेवर येतात. मोठी मुलं शिकायला बाहेर जाणार हेही धरून चाला. जाताना वही द्यायची, आणि वहीत काय काय भारी केलं ते नको, ताडपत्री कुणाच्या गच्चीवर आहे, काटा किती ग्रॅमने जास्त दाखवतो, कुठल्या दारात सकाळी बेल वाजवायची नाही, आणि पत्राची पोच कुठल्या पानाला चिकटवलीये.