कोणतेही उपकरण लावले की आरसीसीबी पडत होता: दोष न्यूट्रलमध्ये निघाला

साताऱ्यातील आमच्या घरी पावसाळा लागल्यापासून मिक्सर, इस्त्री, गिझर यांपैकी काहीही चालू केले की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असे. गिझर तपासून घेतला, आरसीसीबीही नवा बसवला. दोन आठवडे नुसता मनस्ताप झाला.

आरसीसीबीमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) एकाच लोहगाभ्यातून जातात. जाणारा व परतणारा प्रवाह समान असला की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना नाहीसे करतात, पण परतीचा काही प्रवाह अर्थिंगकडे वळला की उरलेला परिणाम खटका पाडतो. आमचे एमसीबी (प्रत्येक सर्किटचे वेगळे खटके) फक्त फेज तोडणारे, न्यूट्रल जोडलेलेच ठेवणारे असल्यामुळे ते एकेक बंद करून दोष सापडणे शक्यच नव्हते.

शेवटी वायरमनने मेन स्विच व आरसीसीबी बंद केले, वीज नसल्याची खात्री केली, सर्व उपकरणांचे प्लग काढले, न्यूट्रल लिंकवरील (सर्व न्यूट्रल तारा जिथे एकत्र जोडतात ती पट्टी) तारा सोडवल्या आणि प्रत्येक तार व अर्थिंग यांच्यामध्ये, दोन्ही एकमेकांना जोडलेले असले की वाजणारा, मल्टिमीटर लावला. गच्चीवरील दिव्याच्या तारेवर तो वाजला. तेथील लोखंडी बॉक्समध्ये पाणी शिरले होते आणि न्यूट्रलचे उघडे पडलेले तांबे, हिरवट झालेले, बॉक्सच्या कडेला टेकले होते. तार बदलली, झाकणाचा पीव्हीसी बॉक्स बसवला, न्यूट्रल पुन्हा जोडले, वीज सुरू करून टेस्ट बटणाने आरसीसीबी पडतो हे पाहिले आणि मगच मिक्सर लावला.